रिकाम्या जागांचा संघ

ड्युरँड करंडकाच्या विजेत्यांची यादी वरून खाली वाचत आलं की काही ठिकाणी बोट अडतं. १८८८ साली सिमल्याजवळच्या डोंगरात सुरू झालेली ही आपल्या देशातली सगळ्यात जुनी फुटबॉल स्पर्धा. सुरुवातीची नावं सगळी गोऱ्या पलटणींची. रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्स, हायलँड लाइट इन्फन्ट्री, ब्लॅक वॉच. मग १९१४ येतं, आणि १९१९ संपेपर्यंत एकही नाव नाही. पुढे १९४१ ते १९४९ पुन्हा तेच. १९६२ साली, चीन सीमेवर उभा ठाकला त्या वर्षी, पुन्हा एक ओळ कोरी.

जिंकणाऱ्यांची नावं वाचायला सोपी असतात. मी मात्र या कोऱ्या ओळींपाशी रेंगाळतो. त्या वर्षी कुणी चेंडू मारला नाही, कुणी पंचांशी हुज्जत घातली नाही, कुणाच्या नडगीला खरचटलं नाही. ज्यांनी हे सगळं करायचं ते दुसरीकडे होते. स्पर्धा पुन्हा सुरू झाली तेव्हा पलटणींची नावं तीच होती, सदऱ्यांचे रंग तेच होते, गोलरक्षक, आघाडी, बगल या जागाही ठरलेल्या होत्या. त्या जागांवर माणसं नवी आली होती. अशा संघाचं स्वागत होतं, बँड वाजतो, फोटो निघतो. मागच्या फोटोतले किती या फोटोत आहेत, हे शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहत नाही.

पुण्याला हे पाहायची सवय असायला हवी होती. हे शहर स्वतःला विद्येचं माहेरघर म्हणवतं, पेन्शनरांचं गाव म्हणवून घेतानाही त्याला लाज वाटत नाही. लष्कराचं शहर ही ओळख मात्र पत्त्यापुरती उरली आहे. ‘जरा कॅम्पात जाऊन येतो’ म्हणणाऱ्या पुणेकराच्या मनात श्रूजबेरी बिस्किटं असतात, छावणी नसते.

एके काळी या शहराच्या नावाची एक आख्खी डिव्हिजन होती. सहावी पूना डिव्हिजन. पहिल्या महायुद्धात ती मेसोपोटेमियात गेली, तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने सरकली, मागे रेटली गेली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा या गावात अडकली. आत मराठा पलटणी होत्या. १०३, ११०, ११७. साताऱ्याची, कोल्हापूरची, कोकणातली पोरं. धान्य संपलं, घोडे मारून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि त्या वाटेवर फार माणसं मेली.

त्यातल्या बहुतेकांनी फुटबॉलला पायही लावला नसेल. त्यांचे खेळ निराळे होते, कुस्तीचा फड आणि हुतूतूचं मैदान. पण जत्रा दरवर्षी भरते, गावाला थांबता येत नाही. लढाई संपल्यानंतरच्या पहिल्या जत्रेत हलगी वाजली असेल, जोड लावायला माणूस पुढे झाला असेल, आणि कुणाचं तरी नाव तोंडाशी येऊन थांबलं असेल. त्याची यादी कुठल्याही संग्रहालयात नाही.

त्याच सुमारास पुण्यात, डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर, एक वेगळी तयारी चालली होती. १९१९ साली तिथे शर्यती झाल्या. सर दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष. मातीत वाढलेली, अनवाणी धावणारी पोरं त्यांनी पाहिली आणि त्यांच्या डोक्यात ऑलिम्पिक शिरलं. १९१६ चं बर्लिनचं ऑलिम्पिक युद्धाने गिळलं होतं. १९२० चं बेल्जियममधल्या अँटवर्पला भरायचं होतं, म्हणजे ज्या देशावरून सैन्यं चार वर्षं नांगरासारखी फिरली त्याच देशात. हरलेल्यांना तिथे बोलावणं नव्हतं. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, तुर्कस्तान, बल्गेरिया यांना दार बंद. भारतातून सहा जण गेले. पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी हे धावणारे, आणि कुमार नवले, रणधीर शिंदे हे दोन मल्ल. बेळगावच्या चौगुल्यांनी मॅरेथॉन पुरी केली आणि एकोणिसावे आले. शिंदे पदकाच्या दारात जाऊन चौथे आले. युद्धातून उठलेल्या जगाच्या पहिल्या खेळात मराठी मुलुखातली पोरं होती, ती एका खाजगी जिमखान्याने धाडली होती, आणि आज जंगली महाराज रस्त्यावर त्यांच्यापैकी एकाचं तरी नाव विचारून पाहा. चौथा आलेला माणूस इतिहासात फार वाईट जागी उभा असतो.

खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत नावं आहेत. तिथे नावांची काही कमी नाही. दुसऱ्या महायुद्धातले १६६८ जण तिथे पुरलेले आहेत, ओळीने, एकसारख्या दगडांखाली, अधिकारी आणि शिपाई असा भेद न करता. पुढच्या स्मारकावर पहिल्या महायुद्धात भारतात मेलेल्या १८०० हून अधिक जणांची नावं कोरलेली आहेत. ज्यांच्या कबरी गावोगावच्या जुन्या दफनभूमीत सांभाळणं शक्य राहिलं नाही अशांची ही नावं. मुंबईच्या शिवडीतून ६२९ जणांचे अवशेष १९६२ च्या जूनमध्ये इथे आणून पुन्हा पुरले गेले. एकदा मेलेल्या माणसाचीही बदली होते, लष्करात. आफ्रिकेतून इकडे आलेल्या आणि इथेच राहिलेल्या १९३ सैनिकांचीही आठवण तिथे आहे.

दगडावर पलटणीचं चिन्ह असतं, नाव, तारीख, आणि बहुतेकांवर वय. एकोणीस. एकवीस. बावीस. पुन्हा एकवीस. ओळीने वयं वाचत गेलं की कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची हजेरी घेतल्यासारखं होतं. ‘हजर’ म्हणायला कुणी उठत नाही, एवढाच फरक. गवत फार नीट कापलेलं असतं. एवढी सपाट, हिरवी, मोकळी जागा पुण्यात आता मैदानांनाही मिळत नाही. बाहेरच्या पोरांना चेंडू खेळायला जागा नाही, आणि आतल्या पोरांना जागाच जागा आहे.

त्या दगडांखालची किती पोरं शनिवारी दुपारी फुटबॉल खेळत असतील? जवळजवळ सगळी. ज्या गल्ल्यांतून, ज्या खाणींच्या आणि गिरण्यांच्या गावांतून ती आली तिथे दुसरा खेळ नव्हता. छावणीच्या मैदानावर पलटणींचे सामने व्हायचे, आणि सामना बरोबरीत सुटला की पुन्हा खेळायची तारीख ठरायची. ठरलेल्या कितीतरी तारखा मग आल्याच नसतील. त्यांनी ज्यांच्याविरुद्ध खेळायचं ठरवलं होतं ते ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर गेले होते. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपूरच्या डोंगरात सांगशाकला जपान्यांचा वेढा पडला तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन तिथे होती. थोडं उत्तरेला, कोहिमात, जिल्हा अधिकाऱ्याच्या बंगल्यापाशी एक टेनिस कोर्ट होतं. एप्रिल-मे मध्ये त्या कोर्टाच्या एका टोकाला एक सैन्य आणि दुसऱ्या टोकाला दुसरं, मधलं अंतर बॉल मारण्याएवढं, आणि दोन्हीकडून हातबाँब फेकले जात होते. आज तिथे दफनभूमी आहे, आणि कोर्टाच्या रेघा तशाच राखून ठेवल्या आहेत. नेट नाही.

त्या नागा डोंगरातला एक मुलगा तेव्हा कलकत्त्यात डॉक्टरकी शिकत होता आणि फुटबॉल खेळत होता. तालिमेरेन आओ. १९४८ साली लंडनला ऑलिम्पिक भरलं, बारा वर्षांच्या खंडानंतरचं पहिलं, तेव्हा स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचा कप्तान तोच होता. इथेही हरलेल्यांना, जर्मनीला आणि जपानला, बोलावणं नव्हतं. जुलैच्या ३१ तारखेला भारत फ्रान्सशी खेळला. बहुतेक खेळाडू अनवाणी. दोन पेनल्टी हुकल्या. सारंगपाणी रामनने एक गोल केला आणि सामना १-२ असा गेला. आपल्याकडे त्या सामन्याची गोष्ट नेहमी बुटांच्या अंगाने सांगितली जाते, बूट का नव्हते, हवे होते की नको होते. मला त्यात दुसरंच दिसतं. ज्या डोंगरावर चार वर्षांपूर्वी टेनिस कोर्टावर माणसं मेली, त्या मुलुखातला कॉलेजकुमार बाँबवर्षावाने भाजलेल्या लंडनमध्ये उतरला आणि चेंडूवर पाय ठेवून उभा राहिला. त्याच लंडनमध्ये, त्याच दिवसांत, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा खाशाबा जाधव कुस्तीत सहावा आला. दोघेही कॉलेजातले, दोघेही हरले. पण खेळ परत सुरू झाला होता, आणि सुरू होण्यासाठी कुणीतरी हरायला हजर असावं लागतं.

पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, खडकवासल्याच्या पाण्यापलीकडे, एक कॉलेज आहे आणि ते मुळात स्मारक आहे. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिक पूर्व आफ्रिकेत लढले. केरेनच्या डोंगरावर मराठेही होते. त्या आठवणीखातर सुदानच्या सरकारने एक लाख पौंड दिले. फाळणी झाली आणि त्या पैशाचीही झाली, सत्तर हजार इकडे, तीस हजार तिकडे. आपल्या वाट्याचे पैसे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या बांधकामात गेले. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी नेहरूंनी पायाभरणी केली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी प्रबोधिनीचं रीतसर उद्घाटन झालं. घुमटाच्या मुख्य इमारतीला आजही सुदान ब्लॉक म्हणतात. मेलेल्यांसाठी आलेल्या पैशात जिवंत पोरांना शिकवायची जागा उभी राहिली, हा निर्णय ज्याने कुणी घेतला त्याच्याविषयी मला आदर आहे. पुतळा उभारणं सोपं होतं.

तिथे खेळ सक्तीचा आहे. संध्याकाळ झाली की मैदानं भरतात. फुटबॉल, हॉकी, बास्केटबॉल. स्क्वाड्रन-स्क्वाड्रनमध्ये चुरस असते, आरडाओरडा असतो, हरलेल्या स्क्वाड्रनला रात्री झोप नसते. तीन वर्षं एकाच चेंडूमागे धावलेली ही मुलं मग निरनिराळ्या दिशांना पांगतात. त्याच आवारात ‘हट ऑफ रिमेम्ब्रन्स’ नावाची लहानशी वास्तू आहे. इथून शिकून गेलेले आणि कामी आलेले जे, त्यांची नावं तिथे लिहिली जातात. मैदान आणि ही वास्तू एकाच आवारात असल्यामुळे, संध्याकाळी खेळून घामेजलेला पोरगा ती नावं वाचू शकतो. त्याच्यासारखेच कुणी त्याच मैदानावर खेळून गेलेत, हे त्याला माहीत असतं. त्याला ते जड होत नाही, वीस वर्षांच्या वयाला काहीच जड होत नाही.

अरुण खेत्रपाल याच शहरात जन्मला होता, १४ ऑक्टोबर १९५० ला. प्रबोधिनीत फॉक्सट्रॉट स्क्वाड्रनमध्ये होता. जून १९७१ मध्ये कमिशन मिळालं ते पूना हॉर्समध्ये, म्हणजे पुण्यातच १८१७ साली, पेशवाईच्या अखेरीला उभ्या राहिलेल्या घोडदळात, जे आता रणगाड्यांवर स्वार होतं. सहा महिन्यांनी युद्ध सुरू झालं. असं सांगतात की आघाडीवर जाताना त्याने सामानात गोल्फच्या काठ्या बांधून घेतल्या होत्या. लाहोरला पोचल्यावर तिथे गोल्फ खेळायचा म्हणून. या गोष्टीवर लोक हसतात आणि मग गप्प होतात. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत, पेटलेल्या रणगाड्यातून बाहेर न पडता तो लढत राहिला आणि तिथेच गेला. वय २१. त्याला परमवीर चक्र मिळालं. प्रबोधिनीतल्या संचलनाच्या मैदानाला आज त्याचं नाव आहे. त्या काठ्यांचं पुढे काय झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. परमवीर चक्राच्या मानपत्रात काठ्यांना जागा नसते.

याच पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर त्याआधी सहा वर्षं, १६ सप्टेंबर १९६५ रोजी, सियालकोटच्या बाजूला गेले. परमवीर चक्र त्यांनाही. ते पुण्यात वाढलेले. सरदार दस्तूर शाळेतला हा विद्यार्थी पोहण्यात, बॉक्सिंगमध्ये, टेनिसमध्ये, क्रिकेटमध्ये पुढे असायचा, आणि शाळेचा कप्तान होता. एकाच शहरातले दोन खेळाडू, एकच पलटण, दोन युद्धं, आणि दोन्ही जागा रिकाम्या.

पण रिकामी जागा फक्त मेलेल्यांचीच असते असं नाही, आणि इथे पुण्याची खरी गोष्ट सुरू होते. लढाईतून जी माणसं पूर्ण परत येत नाहीत त्यांना या शहरात आणलं जातं. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जखमी सैनिकांना हस्तकौशल्यं शिकवण्यासाठी मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, ती १९२२ मध्ये खडकीला आली. वानवडीला १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. सिल्हेटला १९७१ मध्ये सुरुंगावर पाय पडल्यावर स्वतःच्याच खुकरीने तो पाय तोडणारे इयान कार्डोझो पुढे याच केंद्रात आले आणि लाकडी पायावर उभे राहिले. युद्धभूमीवर त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली होती ती एका पाकिस्तानी युद्धकैदी डॉक्टरने. पुढे ते भारतीय लष्करात पायदळाच्या बटालियनचं नेतृत्व करणारे पहिले असे अधिकारी झाले, ज्यांना एक पाय नव्हता. आणि खडकीतच, ज्यांच्या कण्याला दुखापत झाली, ज्यांचं शरीर कमरेखाली किंवा मानेखाली सुन्न झालं, अशा जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे.

सगळेच लढाईत जखमी झालेले नसतात. कुणी सरावात पडलेलं असतं, कुणी गाडीच्या अपघातात, कुणी सुट्टीवर घरी जाताना. कागदावर याला वेगवेगळी नावं असतात आणि त्या नावांवर पेन्शन ठरतं. चाकाच्या खुर्चीत बसल्यावर मात्र सगळे एका उंचीचे होतात.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये, वानवडीचं केंद्र निघालं त्याच १९४४ साली, लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरने स्टोक मँडेव्हिल इथे कण्याच्या जखमींचा विभाग सुरू केला. ते जर्मनीतून जीव वाचवून आलेले ज्यू. तेव्हा असे जखमी दोन-तीन वर्षांत मरायचे आणि कुणाला त्याचं आश्चर्य वाटत नसे. गुटमनने त्यांना उठवून बसवलं आणि खेळायला लावलं. आधी व्हीलचेअर पोलो, पण तो फार आडदांडपणाचा निघाला म्हणून बंद केला. मग बास्केटबॉल. २९ जुलै १९४८ रोजी लंडनचं ऑलिम्पिक उघडलं त्याच दिवशी गुटमनच्या रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा जखमींनी धनुर्विद्येचा सामना खेळला. चौदा पुरुष, दोन स्त्रिया. पॅरालिम्पिकचं बीज ते. म्हणजे तालिमेरेन आओ आणि खाशाबा जाधव ज्या आठवड्यात लंडनला होते, त्याच आठवड्यात तिथून जवळच चाकाच्या खुर्चीतला पहिला संघ मैदानात उतरला होता. एकाने दुसऱ्याला पाहिलं नाही.

व्हीलचेअर बास्केटबॉलचे नियम मी पहिल्यांदा समजून घेतले तेव्हा मला थांबावं लागलं. प्रत्येक खेळाडूला गुण दिलेले असतात, एक ते साडेचार. ज्याच्या शरीरात सगळ्यात कमी हालचाल उरली आहे त्याला एक. ज्याच्यात जास्त उरली आहे त्याला साडेचार. मैदानावरच्या पाच जणांची बेरीज चौदाच्या वर जाता कामा नये. म्हणजे सगळे बळकट खेळाडू एकदम उतरवता येत नाहीत. ज्याच्या शरीरात कमी हालचाल उरली आहे असा कमी गुणांचा एक तरी सोबत घ्यावाच लागतो आणि त्याच्यासाठी जागा करावी लागते. चेंडू हाती असताना खुर्चीला दोनच धक्के देता येतात, मग चेंडू आपटावा लागतो. बास्केटची उंची मात्र तीच, दहा फूट. ती कुणासाठी खाली घेत नाहीत. खुर्चीची चाकं वर आत झुकलेली असतात, वळताना टक्कर होते, माणूस खुर्चीसकट कोसळतो आणि हातावर रेटा देऊन पुन्हा सरळ होतो. एके काळी ज्याचा पाय फुटबॉलवर होता त्याला आता हाताने खेळायचं असतं. संघ निवडायची याहून प्रामाणिक रीत मला ठाऊक नाही. फोटोतल्या अकरा जणांत कोण नाही हे इथे लपवता येत नाही, कारण ते बेरजेत मोजलेलं असतं.

मुरलीकांत पेटकर हे या बेरजेतलं सगळ्यात मोठं नाव. १ नोव्हेंबर १९४४ चा जन्म, सांगली जिल्ह्यातलं पेठ इस्लामपूर. लहानपणीच लष्करात दाखल झाले, ईएमई या लष्कराच्या तंत्रविभागात होते, बॉक्सिंग करायचे. १९६४ मध्ये लष्करी खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी टोकियोला जाऊन आले. पुढच्याच वर्षी, तारापोर गेले त्याच युद्धात, त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या. एक कण्याजवळ रुतून बसली, ती बाहेर निघालीच नाही. कमरेखालचं शरीर गेलं. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं. बॉक्सरचे खांदे होते, ते पाण्यात कामी आले. १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला ते टेबल टेनिस खेळायला गेले. १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक. पॅरालिम्पिकमध्ये भारताचं पहिलं. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी या प्रवासासाठी मदत केली होती, म्हणजे एका खेळाडूने दुसऱ्या खेळातल्या माणसाला हात दिला होता. ते पॅरालिम्पिक खरं तर म्युनिकला व्हायचं, पण तिथली खेळाडूंची घरं ऑलिम्पिकनंतर विकायची ठरली होती, म्हणून हायडेलबर्गला झालं. सुवर्णपदक घेऊन पेटकर पुण्याला आले आणि टेल्कोत नोकरी केली.

नोकरी केली, निवृत्त झाले, आणि शहराने त्यांना विसरण्याचीही तसदी घेतली नाही, कारण आधी लक्षातच ठेवलं नव्हतं. पद्मश्री २०१८ मध्ये. पदकानंतर ४६ वर्षांनी. २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी सिनेमा आला तेव्हा पुण्यातले लोक विचारू लागले की हे इथेच राहतात का. अर्जुन जीवनगौरव पुरस्कार त्यांनी जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या हातून घेतला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी.

खडकीतल्या बीईजी (बॉम्बे इंजिनिअर ग्रुप) सेंटरमध्ये आता लष्कराचं पॅरालिम्पिक प्रशिक्षण चालतं. तिथे तयार झालेला होकाटो सेमा हा नागालँडचा जवान. आसाम रेजिमेंटमधला, म्हणजे १९४४ मध्ये कोहिमात लढलेल्या पलटणीतला. २००२ साली काश्मीरमध्ये चौकीबलजवळ सुरुंग फुटला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. वयाची तिशी ओलांडल्यावर त्याने हातात गोळा घेतला. ६ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसला त्याने तो १४.६५ मीटर फेकला आणि कांस्यपदक मिळवलं, चाळिसाव्या वर्षी. सोमन राणा हा त्याचा सोबती, तोही स्फोटात पाय गमावलेला, तोही खडकीतला, त्याच स्पर्धेत पाचवा आला. तोही जवळपास त्याच वाईट जागी, पदकाच्या दाराबाहेर. त्यांच्यासाठी पुण्याच्या रस्त्यावर ढोल वाजल्याचं मी पाहिलं नाही. आपल्या ढोलांना दुसरी कामं असतात.

मेलेल्यांचं ऋण फिटत नाही, ते बाजूला ठेवू. पण जे खुर्चीत बसून मैदानावर परत आलेत त्यांना आपण वर्षातून दोनदा भेटतो, पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला, फळांच्या करंड्या घेऊन, फोटो काढायला. त्यांनी खेळ परत सुरू केला आणि आपण प्रेक्षक म्हणून परत आलोच नाही. हा हिशोब मात्र अजून फिटण्यासारखा आहे. पुण्यात व्हीलचेअर बास्केटबॉलचा सामना असेल तेव्हा मुलांना घेऊन जा. करंडी नेऊ नका, हार नेऊ नका. एक बाजू निवडा आणि तिच्यासाठी ओरडा. बास्केट चुकलं तर चुकलं म्हणा, आणि पंचाचा निर्णय पटला नाही तर अस्सल पुणेकरासारखं त्याला तिथल्या तिथे सुनवा.